साडेचारशे माणसांची ‘सिटी’

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीहून निघालो. तासन्‌तास दोन्ही बाजूंना नुसती शेतं. लांबवर धान्याचं उंच पांढरं कोठार दिसलं की समजायचं, गाव आलं. समोरून येणारा प्रत्येक पिकअपवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलत होता. पहिल्या दोघांच्या वेळी तर, यांना कुठे बरं पाहिलंय, असं मी आठवत बसलो!

कॉकर सिटी. 2020च्या जनगणनेत लोकसंख्या 457. पण कॅन्सस राज्यात नगरपालिका असली की कायद्याने ‘सिटी’च, माणसं किती का असेनात. चौघा संस्थापकांत नावावरून पत्त्यांचा डाव झाला आणि कॉकर जिंकला, असं सांगतात.

मुख्य रस्त्यावर बरीच दुकानं बंद. शेतं मोठी झाली, यंत्रं आली, माणसं लागेनाशी झाली. मोठं काही दुखलं तर जवळचं मोठं गाव, बेलॉइट, गाठायचं. तरी उदास वाटत नाही, कारण बंद दुकानांच्या काचांमागे चित्रं लावलीत. मोनालिसाच्या हातातसुद्धा सुतळीचा गोळा!

हा गोळाच गावाचं दैवत. फ्रँक स्टोबर या शेतकऱ्याने 1953 मध्ये गवताच्या गठ्ठ्यांची उरलेली सुतळी गुंडाळायला घेतली. 1961 मध्ये गोळा गावाला दिला. ते 1974 मध्ये गेले, गाव अजून गुंडाळतंय. दर ऑगस्टला त्यासाठी जत्राच भरते. वजन नऊ टनांच्या वर.

छपराखाली तो पिवळट डोंगर बघत उभा होतो, तर एक आजी आल्या. हातात सुतळीचं भेंडोळं. किती हवी म्हणाल्या. मी भीत भीत हात पसरून वावभर दाखवली. त्यांनी दुप्पट कापून दिली आणि आधीच्या टोकाला गाठ मारायला लावली. माझी गाठ सुटली. त्यांनी न बोलता पुन्हा मारली. बोटं खरखरीत झाली, वास ओळखीचा आला. घायपात! आमच्या बांधावर असायचा, आजोबा त्याचेच दोर वळायचे. हे इंग्रजीत सांगताना माझी त्रेधा उडाली, पण आजींनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमचं गाव केवढं?”

“छोटंच. पाचेक हजार.”

“अरे बापरे,” त्या म्हणाल्या, “मग शेजारपाजारची नावं लक्षात कशी राहतात?”

मी गोळ्याला प्रदक्षिणा घालत सुतळी संपवत राहिलो.