मध्यकाच्या सूत्रातले ते साडेदहा

पस्तिसाव्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसले. फॉर्म, फी, पुस्तकं, कशातच काही अडलं नाही. अडलं ते गणित भाग 1 मधल्या सांख्यिकीत, तेही मध्यकाच्या एका सूत्रापाशी. तीन आठवडे गेले. अजून आठवलं की राग येतो, कारण कुणी दहा मिनिटं नीट सांगितलं असतं तर काम झालं असतं.

सुटे आकडे असले की मध्यक सोपा. चढत्या क्रमाने मांडायचे, मधला उचलायचा. मी गावातल्या दूध डेअरीत नोंदी करते, त्यामुळे मध्य (म्हणजे सरासरी) आणि मध्यक यांतला फरक तर लगेच पटला. पाच जणांनी 4, 5, 6, 7, 8 लिटर दूध घातलं तर मध्य 6 आणि मध्यकही 6. त्यात 120 लिटरवाला मोठा गोठा आला की मध्य एकदम 25 वर जातो. 25 लिटर घालणारा तर त्यात एकही नाही! मध्यक मात्र मधल्या 6 आणि 7 ची सरासरी, साडेसहावरच राहतो.

पण वर्ग करून, म्हणजे आकड्यांचे गट पाडून दिलेली सारणी आली आणि मी थांबले. वर्ग 11 ते 15, आणि सूत्रात खालची मर्यादा 10.5. का? क्लासमधल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, सूत्र पाठ करा, किंमती घाला, मार्क मिळतात." पुन्हा विचारलं तर बाकीच्यांचा वेळ जातो म्हणाले. गाइडमध्येही नुसतं 'वर्ग सलग करून घेऊ' एवढंच. मी रोज रात्री तेच उदाहरण करायचे आणि रोज उत्तर चुकायचं.

शेवटी डेअरीतल्याच 50 जणांचं सकाळचं दूध अभ्यासाच्या वहीत उतरवायला घेतलं, पूर्ण लिटरमध्ये. एक आजोबा किटली रिकामी करून काट्याकडे बघत उभे होते. काट्यावर 10.6. त्यांची नजर वहीवर गेली. "पोरी, दहा लिटर सहाशे हाय, तू अकरा का लिवलंस?" मी म्हटलं, "आजोबा, बिलात बरोबर धरलंय, ही माझी अभ्यासाची वही आहे. साडेदहाच्या वर गेलं की अकरा लिहिते." बोलता बोलता पेन थांबलं. अकराचा वर्ग साडेदहापासूनच सुरू होतो, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगत होते. 10.6 वाले आजोबा 11 ते 15 मध्येच बसणार. त्या वर्गाची खरी हद्द 10.5 ते 15.5, म्हणून वर्गांतर, म्हणजे वर्गाची रुंदी, 5. मी इतके दिवस 15 मधून 11 वजा करून 4 घेत होते.

त्याच वहीवर पुढचंही सुटलं. 1 ते 5 लिटरवाले 8 जण, 6 ते 10 वाले 14, 11 ते 15 वाले 16, 16 ते 20 वाले 8, 21 ते 25 वाले 4. सगळ्यांना कमी दुधापासून जास्त दुधापर्यंत रांगेत उभं केलं असं समजा. 50 चे निम्मे 25. पहिल्या दोन वर्गांत 22 जण संपले, म्हणजे पुढच्या 16 जणांतले आणखी 3 हवेत. ते 16 जण 5 लिटरच्या अंतरात सारखे पसरलेत असं धरलं, तर 3 भागिले 16, गुणिले 5, म्हणजे सुमारे 0.94. ते 10.5 मध्ये मिळवलं की मध्यक 11.44. एवढंच आहे ते सूत्र!

संचित वारंवारता, म्हणजे त्या वर्गापर्यंतच्या सगळ्या जणांची बेरीज, आधीच्या वर्गाची घ्यायची, म्हणजे 22. मी त्याच वर्गाची 38 घालायचे आणि उत्तर 6.44 यायचं. 11 ते 15 च्या वर्गातला मध्यक 6.44 कसा असेल? म्हणून उत्तर आलं की आधी ते त्या वर्गात बसतं का बघा. ही एक सवय मला पहिल्या दिवशी कुणी लावली असती तर निम्मे दिवस वाचले असते.

मध्य काढताना मात्र सलग करायची गरज नाही, वर्गमध्य, म्हणजे वर्गाचा मधला आकडा, तेच राहतात. याच सारणीत 13 गृहीतमध्य (अंदाजाने धरलेला मध्य) घेतला तर विचलनं, म्हणजे वर्गमध्यांचे त्यापासूनचे फरक, −10, −5, 0, 5, 10 येतात आणि मध्य 11.6. सरळ पद्धतीनेही तेवढाच येतो, पण गुणाकार मोठे होतात. बहुलकाला, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणाऱ्या किमतीला, पुन्हा 10.5 च लागतं: 16 मधून आधीच्या वर्गाचे 14 गेले 2, त्याला 10 ने (16 ची दुप्पट 32, त्यातून शेजारचे 14 आणि 8 वजा) भागा, 5 ने गुणा, 10.5 मध्ये मिळवा, उत्तर 11.5.

परीक्षेत मध्यकाचं उदाहरण आलं. वर्ग सुटे होते, 11 ते 15 सारखे. मी आधी बाजूला सलग वर्गांचा रकाना आखला, मगच बेरजेला हात घातला. उत्तर वर्गात बसलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

एक सांगायचं राहिलं. वर्गीकृत सारणीत एकूण संख्या विषम असली तरी त्यात 1 मिळवायचा नाही, सरळ निम्मे करायचे. मधला आकडा कितवा हे काढायला 1 मिळवून निम्मे करणं हे सुट्या आकड्यांपुरतं.