स्प्लिटला हायदुकची मॅच बघायला जाताय? तिकीट काउंटरवर किंवा क्लबच्या वेबसाइटवरच घ्या

आधी पैशाचं बोलतो, कारण ते अजून डोक्यातून जात नाहीये. हायदुक म्हणजे क्रोएशियातल्या स्प्लिट शहराचा फुटबॉल क्लब, त्यांच्या पोल्युद स्टेडियमचं तिकीट एकतर स्टेडियमच्या काउंटरवर घ्यायचं, नाहीतर क्लबच्या वेबसाइटवर. बाकी कुणाकडूनही नाही. रूमवाल्याच्या ओळखीचा, बंदरावर भेटलेला गोड बोलणारा, "आज हाऊसफुल आहे, माझ्याकडे शेवटची दोन उरलीत" म्हणणारा, यातला कुणीही नाही. मी 65 युरो मोजले. हातात आलेल्या तिकिटावर छापील किंमत होती 15 युरो. आणि मला सांगितलं होतं पश्चिमेची बाजू, छताखाली, मैदानाच्या मध्यावर. तिकिटावर शब्द होता 'स्येव्हेर'. मला क्रोएशियन येत नाही म्हणून मी खिशात घालून मोकळा झालो. स्येव्हेर म्हणजे उत्तर. हे चार शब्द आधीच पाठ करून ठेवा: स्येव्हेर उत्तर, युग दक्षिण, इस्तोक पूर्व, झापाद पश्चिम. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर पन्नास युरो वाचले असते.

आणि हाऊसफुल वगैरे काही नव्हतं. समोरची टीम लीगमधली छोटी होती, पूर्वेकडे ढिगाने खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या.

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या जर्मनीत नोकरी. फुटबॉल म्हणजे आमच्याकडे पेठ, तालीम आणि शाहू स्टेडियम, त्यामुळे टीव्हीवरच्या मोठ्या युरोपियन क्लबांचं मला कधी फार अप्रूप वाटलं नाही. हायदुकचं नाव डोक्यात राहिलं ते इगोर स्टिमॅकमुळे. 2019 ते 2024 आपल्या भारतीय टीमचा कोच होता तोच. हायदुकमध्ये वाढलेला खेळाडू, 1998 च्या वर्ल्डकपात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या टीममधला. त्याच्याबद्दल वाचता वाचता क्लबचा इतिहास हाती लागला आणि ठरवलं की समुद्र, रोमन राजवाडा गेला खड्ड्यात, आपण मॅचसाठी जायचं.

पोचायचं सोपं आहे. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे आणि चलनही युरो, त्यामुळे भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागेल, आधीच्या कुना चलनाचं जुनं लिखाण वाचून गोंधळू नका. एअरपोर्ट शहराबाहेर पंचवीसेक किलोमीटरवर, बस मिळते. शहरात चालायचं. जुन्या राजवाड्यापासून पोल्युद वीस-पंचवीस मिनिटं, टॅक्सीची अजिबात गरज नाही.

पण सरळ पोल्युदला जाऊ नका, वाटेत 'स्तारी प्लात्स' लागतं तिथे थांबा. म्हणजे जुनं मैदान. 1911 पासून 1979 पर्यंत हायदुक इथे खेळला. आता तिथे रग्बी खेळतात. बघायला म्हटलं तर काही नाही, एक मैदान, भोवती इमारती, भिंतींवर रंगवलेली चित्रं. मी सकाळी नवाला कुंपणाला टेकून उभा होतो, समोरच्या इमारतीत एक आजी बाल्कनीत चादरी वाळत घालत होत्या, आणि दोरीवर चादरींच्या मधोमध हायदुकचा पांढरा टी-शर्ट. फ्राने मातोशिच नावाचा माणूस या मैदानाचा राजा होता, क्लबकडून 739 मॅचमध्ये 729 गोल, बर्नार्ड वुकास आणि गोलकीपर व्लादिमिर बेआरा हे त्याच्याबरोबर खेळणारे. 1950 ची लीग हायदुकने एकही मॅच न हरता जिंकली. क्रोएशिया तेव्हा युगोस्लावियात होता, त्या लीगमध्ये हे दुसऱ्या कुणालाच जमलं नाही. एवढं सगळं या कुंपणाच्या आत झालं हे माहीत असेल तरच तिथे उभं राहण्यात मजा आहे, नाहीतर पाच मिनिटांत निघाल.

क्लबचा जन्म मात्र स्प्लिटचा नाही, प्रागचा. तिथे शिकणारी स्प्लिटची चार पोरं, कालितेर्ना, स्तेला, शाकिच आणि इवानिशेविच, स्लाविया विरुद्ध स्पार्टा मॅच बघून 'ऊ फ्लेकू' नावाच्या बिअरच्या जुन्या पबमध्ये बसली आणि आपल्या गावात पण क्लब पाहिजे असं ठरवून उठली. 13 फेब्रुवारी 1911 ला क्लबची रीतसर नोंद झाली. नावाचं असं सांगतात की पोरं दंगा करत एका म्हाताऱ्या प्रोफेसरांकडे घुसली, बाराच त्यांचं आडनाव, ते म्हणाले तुम्ही तर हायदुकच आहात, तेच नाव ठेवा. हायदुक म्हणजे तुर्की सत्तेविरुद्ध डोंगरात राहून गनिमी काव्याने लढणारे बंडखोर. तेव्हा राज्य ऑस्ट्रिया-हंगेरीचं, क्रोएशियन म्हणून मिरवायला बंदीच असल्यासारखं, तर या पोरांनी क्रोएशियाचे लाल-पांढरे चौकोन सरळ क्लबच्या बिल्ल्यावर घातले. पांढरा शर्ट, निळी चड्डी, बिल्ल्याला निळी कड. आजही तेच, म्हणूनच लोक त्यांना 'बिली', म्हणजे गोरे किंवा पांढरे, म्हणतात.

रंगाचं एवढं सांगतोय कारण तिथेच मी चुकलो. मॅच रात्री नऊची (ऑगस्टमध्ये मॅच उशिराच असतात, दिवसा पस्तीस डिग्री असतं), आणि मी अभिमानाने भारताची निळी जर्सी घालून गेलो. निळा हा झाग्रेबच्या दिनामोचा रंग. दिनामो म्हणजे यांचं जन्माचं वैर, आमच्या कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या टीम समोरासमोर आल्या की पेठेत जे वातावरण असतं ते संपूर्ण देशाच्या मापाचं करून बघा. गेटवर आधी तिकिटाचा घोळ, त्यावर भलत्याच माणसाचं नाव छापलेलं, गार्डने पासपोर्ट मागितला, नाव जुळेना, दहा मिनिटं बाजूला उभं केलं. पासपोर्ट जवळ ठेवाच, फोटो चालत नाही. शेवटी कुणीतरी वरिष्ठ आला, माझ्याकडे बघून हात हलवला, सोडा. आत गेलो तर उत्तर बाजू, म्हणजे हायदुकच्या कट्टर फॅन गटाची, 'तोर्त्सिदा'ची बाजू. सगळे पांढऱ्यात आणि मी एकटा निळा.

एका दाढीवाल्याने खांद्यावर हात ठेवला, मला वाटलं आता काय खरं नाही. त्याने विचारलं कुठला. म्हटलं इंडिया. त्याने मागे वळून मित्रांना ओरडून सांगितलं, "श्तिमाट्स! श्तिमाट्स!" (स्टिमॅकचा तिकडचा उच्चार) आणि सगळे हसायला लागले. कुणीतरी पिशवीतून जुना पांढरा टी-शर्ट काढला, काखेत उसवलेला, तो मी निळ्यावर चढवला. मॅच संपल्यावर परत द्यायला गेलो तर घेतला नाही.

आता तोर्त्सिदाबद्दल, कारण हे माहीत नसताना तिथे उभं राहू नये. 1950 चा वर्ल्डकप ब्राझीलमध्ये झाला, तिथल्या प्रेक्षकांचे किस्से ऐकून स्प्लिटच्या विद्यार्थ्यांनी 28 ऑक्टोबर 1950 ला हा गट काढला, नाव पण ब्राझीलकडूनच उचललेलं. युरोपातला सगळ्यात जुना संघटित फॅन गट हाच. दुसऱ्या दिवशी रेड स्टार बेलग्रेडविरुद्धची मॅच हायदुकने 2-1 जिंकली आणि सरकारला ती गर्दी, ती घंटा आणि भोंगे बघून धडकी भरली. गटावर बंदी आली, पोरांवर कारवाई झाली, एकाला तुरुंगात घातलं, आणि कॅप्टन मातोशिचलाही कम्युनिस्ट पक्षाने बाहेर काढलं. मॅच बघताना शिट्टी वाजवली म्हणून! भिंतीभिंतीवर '1950' का रंगवलंय याचं उत्तर हे आहे.

उत्तरेत नव्वद मिनिटं उभं राहायचं असतं. खुर्ची आहे, पण बसायला नाही, त्यावर चढून उभं राहायला आहे. झेंडे इतके की पहिला अर्धा तास मला समोरचा गोलपोस्ट दिसलाच नाही, धूर डोळ्यात जातो, आणि शेजारचा सूर्यफुलाच्या बिया फोडून टरफलं थेट माझ्या बुटावर टाकत होता, शेवटी पायाखाली थर साचला. वरती छत नाही, छत फक्त पूर्व आणि पश्चिम बाजूला. लहान मूल, म्हातारी माणसं, दम्याचा त्रास, यातलं काही असेल तर उत्तर बाजू साफ नको. पूर्व बाजूला संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांवर येतो, पण मॅच नवाची असेल तर काही फरक पडत नाही, तेव्हा पूर्वेचं तिकीट घ्या, पश्चिमेपेक्षा स्वस्त आणि मैदान पूर्ण दिसतं. मैदानाभोवती धावपट्टी आहे, त्यामुळे कुठेही बसलात तरी खेळाडू जरा लांबच. बाकी स्टेडियम देखणं आहे यात वाद नाही, आर्किटेक्ट बोरिस मागाशने 1979 च्या भूमध्य सागरी स्पर्धांसाठी बांधलेलं, शिंपला उघडल्यासारखी दोन छतं, 2015 पासून संरक्षित वारसा. देखभाल मात्र दिसत नाही, काँक्रीट जागोजागी उडालंय आणि टॉयलेटबद्दल न बोललेलं बरं.

याच मैदानावर 4 मे 1980 ला हायदुक-रेड स्टार मॅच चालू असताना युगोस्लावियाचा राष्ट्राध्यक्ष टिटो गेल्याची घोषणा झाली, मॅच थांबली, दोन्हीकडचे खेळाडू मैदानात रडले. आणि याच मैदानावर दहा वर्षांनी, सप्टेंबर 1990 मध्ये, बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबविरुद्धच्या मॅचमध्ये तोर्त्सिदा आत घुसली आणि युगोस्लावियाचा झेंडा जाळला. मे 1991 मध्ये हायदुकने बेलग्रेडला जाऊन रेड स्टारला 1-0 हरवून शेवटचा युगोस्लाव कप जिंकला, गोल आलेन बोक्शिचचा. तीन आठवड्यांनी तीच रेड स्टार युरोपची चॅम्पियन झाली! तो कप आजपर्यंत स्प्लिटलाच आहे.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळाने. 1941 ला मुसोलिनीच्या इटलीने स्प्लिट घेतलं आणि क्लबला इटालियन लीगमध्ये खेळायची ऑफर दिली. नाही म्हणाले, खेळणंच बंद केलं. 1944 मध्ये खेळाडू रात्री बोटींनी विस बेटावर पळाले, टिटोच्या पार्टिझान सैन्याची टीम म्हणून 7 मे ला, म्हणजे स्प्लिटच्या ग्रामदैवत सेंट दुयेच्या दिवशी, क्लब पुन्हा उभा केला. सप्टेंबरमध्ये इटलीच्या बारीत ब्रिटिश लष्कराच्या टीमशी खेळले, 2-7 हरले, पण खेळले. युद्धानंतर लष्कराचा क्लब होऊन बेलग्रेडला चला असं सांगितलं तेव्हाही नाहीच म्हणाले.

हे वाचून मी सोमवारी फेरीबोटीने विसला गेलो, सव्वादोन तास जायला, तेवढेच यायला. स्पष्ट सांगतो, हायदुकसाठी म्हणून विसला जाऊ नका. मला तिथे त्यांची म्हणून अशी एकही ठळक जागा सापडली नाही. वर दुपारी बाराला हुम डोंगरावर टिटोच्या गुहेकडे चालत निघालो, सावली नाही, पाणी दोन लिटर होतं ते अर्ध्या वाटेत संपलं, रात्री तीनपर्यंत जागलेले पाय. जायचंच असेल तर पहाटे, तीन लिटर पाणी, आणि मॅचच्या दुसऱ्या दिवशी तर नाहीच. ब्राच बेट आणि ट्रोगिर गावाचे दोन दिवस छान गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

शाकाहारी लोकांसाठी: बाजारात 'सोपार्निक' मागा, पालकासारखी पालेभाजी आणि कांदा भरलेली मोठी पातळ पोळी, वरून लसूण आणि ऑलिव्ह तेल. चीज घातलेला बुरेकही (भरलेली पेस्ट्री) मिळतो. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्यांवर खर्च करू नका.

मॅच शेवटच्या दहा मिनिटांत हायदुकने जिंकली. शेजारचे लोक असे ओरडले की लीगच जिंकली. मग कळलं का ते. शेवटची लीग 2005 ची. त्यानंतर 2010, 2013, 2022, 2023 ला कप आले, 2023 ला यांची पोरं युवा चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत गेली, इटलीचा गत्तुसो कोच म्हणून येऊन गेला, स्प्लिटचाच स्टार खेळाडू पेरिशिच परत येऊन गेला, क्रोएशियाचा रकितिचही येऊन गेला, लीग काही येईना. तरी लोक दरवर्षी पैसे भरून मेंबर होतात. निम्म्याहून जास्त शेअर शहराच्या पालिकेकडे, बाकीतला मोठा हिस्सा 'नाश हायदुक' या फॅन लोकांच्या संघटनेकडे, आणि क्लबवर देखरेख करणारं मंडळ मेंबर मतदानाने निवडतात. दाढीवाला म्हणाला, आमच्याकडे कुणी शेठ येऊन क्लब विकत घेऊ शकत नाही. हे त्याने दोनदा सांगितलं.

मंगळवारी निघायच्या आधी मी मुद्दाम पोल्युदच्या काउंटरवर गेलो. रांगेत तीन माणसं. पूर्वेकडच्या तिकिटाची, मग उत्तरेकडच्या तिकिटाची किंमत विचारली. आतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, उत्तर 15 युरो.