थांग बु थांग?

वूहानचा हिवाळा आकड्यांत फार वाटत नाही, पण हाडांत शिरतो. यांगत्से नदी, तळी, सगळीकडे ओल. आणि उत्तर चीनसारखी घरोघरी सरकारी ऊब पुरवण्याची सोय इथे नाही. दुसऱ्या हिवाळ्यात माझा गुडघा कुरकुरू लागला, तेव्हा शेजारच्या आयी म्हणाल्या, "आयजिऊ कर." (चिनीत मावशी-काकूंना 'आयी' म्हणतात. हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती जरा रुसलीच.)

'आय' नावाच्या वनस्पतीची पानं वाळवायची, कुटून त्यांचा कापूस करायचा, कागदात जाड विडीसारखा वळायचा आणि पेटवून ठरावीक जागी शेक घ्यायचा. जोतिबाला वाहतात त्या दवण्याची ही चुलत बहीण, वास मात्र कडवट. वूहानच्या पूर्वेला छीछुन आहे, 16व्या शतकातले वैद्य ली शिझेन तिथले. तिथला आय सगळ्यांत उत्तम, यावर आयी वाद घालू देत नाहीत. ज्याला आपण ॲक्युपंक्चर म्हणतो ते चिनीत 'झेनजिऊ', म्हणजे सुई आणि शेक यांची जोडी. 2010 मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत ही जोडीच गेली.

मी आधी गल्लीतल्या एका दुकानात गेले. शेक देणारी मुलगी दर मिनिटाला विचारायची, "थांग बु थांग?" भाजतंय का? मी आपली, "बु थांग, बु थांग." नाही हो, नाही. चटका बसत होता, पण औषध म्हटल्यावर सोसायचं, ही आपली शिकवण. घरी येऊन पाहते तर बोराएवढा फोड.

आयी चिडल्या. आधी गार पाण्याची धार, फोड फोडायचा नाही, वर टूथपेस्ट-बिस्ट काही नाही. मग शिकवणी. काडी कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटर लांब. त्वचा गुलाबी झाली की बस. एका जागी दहा-पंधरा मिनिटं खूप झाली. राख साचली की आधी वाटीत झटकायची, अंगावर पडते तीच. चेहऱ्यावर नाही, तापात नाही, गरोदरपणी पोटा-कमरेवर तर नाहीच. खिडकी उघडी, कारण धूर भरपूर. दमेकऱ्याने त्या खोलीत बसू नये. आणि संपल्यावर काडी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. वरून विझलेली दिसते, आत धुमसत असते. आयी ती अरुंद तोंडाच्या बरणीत उलटी खुपसून झाकण लावतात.

गुडघा बरा झाला म्हणाल, तर नाही. शेकाने तासभर मोकळा वाटतो, आणि वूहानच्या जानेवारीत तासभरही पुष्कळ.

हे ऐकून बाबांनी फर्माईश केली: "येताना दोन पाकिटं आण, माझ्या तळपायांना मुंग्या येतात." बाबांना वीस वर्षांचा मधुमेह. एकदा चपलेतला खडा दिवसभर पायाखाली होता, त्यांना पत्ता नव्हता. आयींना विचारलं. ज्यांना नीट जाणवत नाही त्यांच्या कातडीवर इथले वैद्य काडीच्या दोन्ही बाजूंना स्वतःची बोटं टेकवून ऊब मोजतात. पण घरच्या घरी असे पाय? आयी म्हणाल्या, "त्यांना थांग बु थांग विचारून उपयोग काय?"

बाबांसाठी मी लोकरीचे मोजे घेतलेत. काड्या आणल्या नाहीत म्हणून ते रुसणार, हे धरून चाललेय.