पिकअपला अॅम्प बसवला आणि आधी शिट्टीच ऐकली

मी साखळीचा, धंदा भाजीचा. आठवड्यातनं चार वेळा पहाटे अडीचला उठायचं, केरीवरनं चोर्ला घाट चढून बेळगाव गाठायचं आणि माल भरून परत, त्यात शुक्रवारी म्हापशाचा बाजार म्हणजे गुरुवारी झोपेचा पत्ताच नाही. एवढे तास गाडीत एकट्याने काढायचे तर गाणं लागतंच, आणि आमच्या घरात गाणं म्हणजे नाट्यसंगीत, अभिषेकीबुवा वगैरे. पण जुन्या स्पीकरवर तबला नुसती टकटक, डग्गा कुठे गेला देव जाणे, आणि घाटात सेकंड गिअर टाकला की इंजिनच्या आवाजात तानही बुडायची. आवाज वाढवला तर फरफर. शेवटी म्हटलं चवथीआधी हे काम उरकायचंच.

दुकानात गेलो तर पोराने स्पीकरचा खोका पुढे केला, वर मोठ्या अक्षरात 400 वॉट. मी खोका फिरवून मागचं बारीक वाचलं तर आरएमएस 50. म्हणजे सतत झेपणार 50च, ते 400 म्हणजे क्षणभराचा धक्का, आपल्या कामाचा नाही. मग हिशोब सोपा झाला, 50 आरएमएसचे सहा इंची दोन स्पीकर, आणि अॅम्प म्हणजे आवाजाला जोर देणारा अॅम्प्लिफायर, तो चार ओहमच्या (म्हणजे विजेला तेवढा अडथळा असलेल्या) स्पीकरला चॅनलमागे 50 वॉट देणारा, दोन चॅनलचा म्हणजे दोन स्पीकर चालवणारा, क्लास डी जातीचा, तो तापतो कमी आणि बॅटरीही कमी खातो. स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, कागदी घेतला नाही, प्लास्टिकचा कोन आणि भोवती रबराची कड असलेला घेतला. त्याचं कारण दार उघडल्यावर कळेलच. सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा वेगळा मोठा स्पीकर, घ्या म्हणून पोरगा मागे लागला होता पण सिंगल केबिनमध्ये सीटमागे जॅक, ताडपत्री, पाना आणि माझी छत्री, तिथे डबा ठेवणार कुठे.

बसवायला एकाकडे गाडी दिली. नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता, घाईत होता. दाराचं पॅड काढलं आणि जुना स्पीकर बघितला तर कोन पावसाळ्यात सादळलेल्या पापडासारखा, बोट लावलं की तुकडा हातात. काचेवरनं ओघळलेलं पाणी दाराच्या आतच उतरतं, ते खालच्या भोकांतनं बाहेर जावं लागतं, आणि मधे एक प्लास्टिकचा कागद असतो तो आधीच्या कुणीतरी काच दुरुस्त करताना फाडून तसाच ठेवलेला. मी तिथेच नवीन कागद लावायला लावला आणि खालची भोकं काडीने मोकळी केली. दाराच्या पत्र्याला आतनं डांबरासारखी चिकट डॅम्पिंग शीट मारली, ह्याला काही लोक हसतात, पण पत्रा बोटाने वाजवून बघा, आधी डब्यासारखा टण वाजायचा, नंतर नुसता ठक.

संध्याकाळी गाडी घेतली, गाणं लावलं, छान! स्टार्टर मारला आणि स्पीकरमधनं कुईंईं. अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते. म्हणजे अल्टरनेटरचा, इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो त्याचा, आवाज गाण्यात येत होता. बसवणाऱ्याला परत फोन केला तर म्हणे, "डिझेल गाडीत तेवढं येतंच, दादा." मला काही पटेना.

रविवारी मित्राला बोलावलं, तो वायरमन आहे, वाळपईचा. त्याने आधी अॅम्पची आरसीए वायर, म्हणजे सेटमधनं गाणं आणणारी, उपटली, शिट्टी बंद. म्हणजे अॅम्प ठीक आहे, कटकट त्या वायरीतनं येतेय. ती वायर पॉवरच्या वायरीला टेप मारून एकत्रच आणलेली, ती काढून दुसऱ्या बाजूने नेली तर थोडी कमी झाली, गेली नाही. मग मल्टिमीटर. इंजिन चालू, गाणं मोठं, एक टोक अॅम्पच्या अर्थला (गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली मायनसची वायर) आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला, तर 0.6 व्होल्ट! तिथे जवळजवळ शून्य हवं. अर्थचा बोल्ट सोडवला तर खाली कंपनीचा रंग तसाच चकचकीत, बोल्ट रंगावरच आवळलेला. पॉलिश पेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून आवळला, वर ग्रीस लावलं कारण आपल्याकडच्या हवेत उघडा पत्रा दोन महिन्यांत गंजतो. परत बघितलं, 0.07. इंजिन रेस केलं, शिट्टी गायब. मित्र म्हणाला, "आता बरें वाजता मरे!"

तेवढ्यात अजून दोन गोष्टी सापडल्या. मुख्य फ्यूज केबिनमध्ये सीटखाली लावलेला, म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर कुठे पत्र्याला घासली तर वाचवायला मधे काहीच नाही, थेट आग. तो काढून बॅटरीपासून वीतभर अंतरावर आणला आणि इंजिनकडच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून कडा झाकणारी रिंग, घातला. दुसरं, वायरीचा तुकडा ब्लेडने खरवडला तर तांब्याच्या खाली पांढरं, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. पैसे तांब्याचे घेतलेले, हे मात्र खूप लागलं. आठ गेजची खरी तांब्याची वायर टाकली, 900 रुपये वरचे गेले.

गेन, म्हणजे अॅम्पचा जोर किती ते ठरवणारा स्क्रू, कानाने लावू नका असं मित्राने बजावलं. स्पीकर काढून ठेवले, मोबाईलवरनं 1000 हर्ट्झचा एकसुरी आवाज लावला, सेटचा आवाज तीन चतुर्थांशावर, आणि अॅम्पच्या आउटपुटला मीटर एसीवर ठेवून 14 व्होल्ट येईपर्यंत स्क्रू फिरवला. 50 वॉट गुणिले 4 ओहम म्हणजे 200, त्याचं वर्गमूळ साधारण 14.1, एवढंच गणित. आणि हाय पास फिल्टर, म्हणजे खालचे सूर अडवणारी चाळण, 80 हर्ट्झला, नाहीतर दारातले स्पीकर खालच्या सुरांना उगाच धडपडतात.

पहिल्या फेरीला घाटात डग्गा ऐकू आला, घुमारा अगदी मांडीला लागला. पण आता जांबोटीच्या पुढे रस्ता खराब झाला की मागे रिकामे क्रेट असे खडखडतात की समेलाच पडतात, आधी ते कधी ऐकूच येत नव्हते. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवल्यात, बुधवारी बांधतो.