पुढची ओळ लोकांची

रेकॉर्डिंगच्या धंद्यात 22 वर्षं झाली. भजनी मंडळं केली, चर्चमधली नाताळची गाणी केली, भर पावसात गळक्या मांडवाखाली सनईही केली. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, मात्र पहिल्यांदाच. ठाण्यातलं शार हाशामाईम, 1879 सालचं. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू मंडळींच्या प्रार्थनेच्या चाली जतन करायचं काम होतं.

वाद्यं किती, हे मी आधीच विचारून घेतलं. हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे काका, म्हणाले, "एकही नाही." जेरुसलेमचं मंदिर इ. स. 70 मध्ये पाडलं गेलं, त्याचा हा शोक. शिवाय शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र या विश्रांतीच्या दिवशी, वाद्याला हात लावायचाच नसतो. मला हायसं वाटलं. एक गळा, एक माईक, तासाभराचं काम!

गुरुवारी दुपारी गेलो. डोक्यावर टोपी घातली, पंखे बंद करवले, खिडक्या लावून घेतल्या. मधल्या कठडेवाल्या उंचवट्यावर, तेबावर, काका उभे राहिले आणि त्यांनी 'लेखा दोदी' सुरू केलं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचं नवरीसारखं स्वागत करणारं हे गीत. सोळाव्या शतकात साफेद गावच्या श्लोमो अल्काबेत्झ यांनी रचलेलं. पहिल्या आठ कडव्यांच्या आद्याक्षरांत त्यांनी आपलं नाव गुंफलंय. आपल्याकडे 'तुका म्हणे' येतं तसंच, फक्त लपवून.

एक ओळ झाली आणि काका थांबले.

"काय झालं?"

"पुढची ओळ लोकांची."

"तुम्हीच म्हणा की."

त्यांनी म्हटली. पण चाल खालीच बसली, वर चढेना. चौथ्या टेकला तर ते चक्क कडवंच विसरले. घाम पुसत म्हणाले, "चाळीस वर्षं म्हणतोय हो, पण एकट्यानं कधी म्हटलंच नाही. उद्या या. यंत्र मात्र घरी ठेवून या."

शुक्रवारी मोबाईलसुद्धा घरी ठेवून गेलो. सूर्य मावळायच्या आत दिवे-पंखे लावून झालेले. आता शनिवारी रात्रीपर्यंत बटणाला कुणी हात लावणार नाही. पंखे घरघरत होते. तिसरा तर असा खडखडत होता की त्याच्याखाली मी माईक लावलाच नसता. मागच्या बाकावर रिकाम्या हातांनी बसलो, बोटं उगाच आवाजाची कळ शोधत होती.

काकांनी ओळ टाकली. ती संपायच्या आधीच पंचवीसेक गळ्यांनी उचलली. एक आजोबा अर्धी ओळ मागे, एक पोरगं किंचाळत पुढे, वरच्या बायकांच्या सज्जातून एक कापरा, पण पक्का सूर. कालची न चढणारी चाल हीच लोकं चढवत होती. शेवटचं कडवं आलं, 'बोई' म्हणजे 'ये', आणि सगळे एकदम मागे वळले. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे! माझं काय चुकलं म्हणून मी रिकामा खिसा चाचपला. ते दरवाजाकडे वळले होते, येणाऱ्या शब्बाथकडे. मी मध्ये बसलो होतो, इतकंच.

नंतर काळ्या मनुकांचं सरबत मिळालं. गोडमिट्ट.

रविवारी काकांनी सात पुरुष आणि तीन बायका जमवल्या. या वेळी मी पाच माईक लावले. पहिल्याच कडव्यात 'अदोनाय एहाद'च्या (अदोनाय म्हणजे देवाचं नाव) जागी सगळे 'हाशेम एहाद' म्हणाले. चूक समजून मी टेक थांबवला.

"चूक नाही," काका म्हणाले. "ही प्रार्थना नव्हे, तुमच्यासाठी म्हणून दाखवतोय. देवाचं नाव असं उगाच घ्यायचं नसतं."

मग मी कद्दीश, म्हणजे देवाचं गुणगान करणारी प्रार्थना, मागितलं. त्याला दहा ज्यू पुरुष लागतात, आणि होते काकांसकट आठ. "मला धरा, नऊ होतील," मी म्हणालो. बायकासुद्धा हसल्या. काका म्हणाले, "तुम्हाला धरता येत नाही. आणि आलं असतं तरी नऊच."

शीटवर 'लेखा दोदी, टेक 3, ओके' लिहिलं. कद्दीशची ओळ कोरी ठेवून केबल गुंडाळायला घेतल्या.