भांगेचा दुसरा ग्लास

महाशिवरात्र ते धुळवड या पंधरवड्यात जळगाव-धुळ्याकडे भांगेचा विषय निघतोच, आणि 'काही होत नाही रे भो' हेही ठरलेलं. प्यायची की नाही, ते जाणत्या माणसानं स्वतः ठरवावं. फक्त माहिती घेऊन.

सगळ्यात मोठा घोळ वेळेचा. चिलमीचा धूर काही मिनिटांत डोक्यात पोचतो, त्यामुळे कुठे थांबायचं ते कळतं. ठंडाईतली भांग आधी पोटात, मग यकृतात जाते. तिथे टीएचसीचं, म्हणजे भांग-गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचं, आणखी कडक रूप तयार होतं. असर जाणवायला अर्धा ते दोन तास, भरल्या पोटी त्याहून उशीर. पाऊण तासात काही वाटलं नाही म्हणून दुसरा ग्लास रिचवला, की दोन्ही एकदम चढतात: छातीत धडधड, घशाला कोरड, 'आता मरतो' ही भीती. त्यात घोटलेला पाला तळाशी बसतो, म्हणजे एकाच पातेल्यातला शेवटचा ग्लास जड. अशा माणसाला शांत खोलीत कुशीवर निजवा, जवळ बसा, गाडीची किल्ली काढून घ्या. छातीत कळ आली किंवा हलवूनही जाग येत नसेल तर थेट दवाखाना.

ही भीती काही तासांत उतरते. खरा धोका मनोविकाराचा, आणि तो सगळ्यांना सारखा नाही. मिसरूड फुटायच्या वयात सुरुवात, रोजची सवय, कडक माल यांनी तो वाढतो. 2019 साली लॅन्सेट सायकियाट्रीत आलेल्या अभ्यासात 10 टक्क्यांवर टीएचसी असलेला माल रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची (भास होणं, नसता संशय येणं) शक्यता न ओढणाऱ्यांच्या सुमारे पाचपट दिसली. घराण्यात स्किझोफ्रेनिया, म्हणजे असाच दीर्घकाळ टिकणारा मनोविकार, असेल तर लांबच राहावं. पण आजीला हा शब्द विचारून उपयोग नाही. 'कुणाला बाहेरचं लागलं होतं का, कुणी एकटंच बडबडायचं का' असं विचारा.

रोजचा गांजा सोडला की पहिला आठवडा झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते. तेवढ्यावरून 'मला झोपेसाठी लागतोच' असा समज होतो; बहुतेकांचं दोनेक आठवड्यांत निवळतं.

कायद्याचाही गैरसमज आहे. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसता पाला, म्हणजे भांग, त्या व्याख्येत नाही, पण म्हणून महाराष्ट्रात भांग मोकळी नाही. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प' धरतात, माफ नव्हे: एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

नशा उतरून दोन-तीन दिवस झाले तरी पोरगा कानाशी कुणी बोलतंय म्हणत असेल, घरच्यांवर संशय घेत असेल, तर भगताकडे वेळ घालवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीतही बोलतात.