सोड्यांचा नारळी भात: चौथ्यांदा बसलो, या वेळी बराचसा जमला

जमैका आणि आसपासच्या कॅरिबियन बेटांवर करतात तसा नारळाच्या दुधातला भात घरच्या सोड्यांबरोबर (सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी) करायचा होता. आधीच्या तीन वेळचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मी कुठे कुठे आपटलो ते कळेल.

नियम एकच ठेवला होता: घरात जे भरलेलं आहे त्यातूनच करायचं. अमळनेरात ताजी समुद्राची कोळंबी मिळवायची म्हणजे सुरतेची गाडी धरायची, आणि एवढा उत्साह मला नाही. पण पाकिटांवर 'ट्रॉपिकल' म्हणून निळा समुद्र आणि वाकलेलं नारळाचं झाड छापतात ना, त्याचा मला जरा रागच येतो. खानदेश 21 अंश अक्षांशाच्या आसपास, कर्कवृत्ताच्या खाली. म्हणजे भूगोलाच्या हिशोबाने आपणही उष्णकटिबंधातलेच. समुद्र नाही, नारळ नाही, पण केळी आहे आणि मे महिन्यात 45 अंशांचं ऊनही आहे.

पहिल्या वेळी फ्रीजरमधलं कोळंबीचं पाकीट काढलं आणि हौसेने ताज्या अननसाचा रस चोळून तासभर मुरवत ठेवलं. कढईत टाकलं तेव्हा त्याचं पिठलं झालं होतं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं, आणि कोळंबी मुळात नाजूक. डब्यातला अननस तापवून भरलेला असतो, त्यात ते मेलेलं असतं. तो घातला असता तर काही बिघडलं नसतं.

दुसऱ्या वेळी सगळं एकत्र कुकरमध्ये. नारळाच्या दुधाचा डबा, तांदूळ, भिजवलेले सोडे, वरून सवयीने मीठ. तीन शिट्ट्या. बुडाला काळा थर, वर पेज, आणि खारट तर असं की पुढचं विचारू नका. मायने पातेल्यात डोकावून विचारलं, "हाऊ भात शे का खीर शे?" सोडे मुळातच खारट असतात हे तिला माहीत होतं. मला कोणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

तिसऱ्या वेळी डबा संपलेला, म्हणून खोबऱ्याकडे वळलो. हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे ओला नारळ पूजेपुरता आणि सुकं खोबरं मात्र प्रत्येक घरात, काळ्या मसाल्यासाठी. खोबऱ्याची एक वाटी घेतली, काळी पाठ सुरीने खरवडली, विळीवर पातळ काप केले आणि कढत पाण्यात तासभर ठेवले. भिजल्याशिवाय मिक्सरमध्ये टाकलं तर भुगा होतो, दूध निघत नाही. त्याच पाण्यासकट वाटून मलमलच्या फडक्यातून पिळलं. दूध छान पांढरं आलं. मग ते उकळवलं आणि वर तेलाचा तवंग, खाली पाणी. ताज्या नारळाच्या दुधात तेल धरून ठेवायला प्रथिनं असतात, खोबरं वाळताना ती बिघडतात, त्यामुळे हे दूध लवकर फाटतं. निराशेच्या भरात त्यात चमचाभर काळा मसाला ढकलला. सोड्यांचं झणझणीत कालवण झालं, भाकरीबरोबर सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं, पण मला जे करायचं होतं ते हे नव्हे. काळ्या मसाल्याच्या डब्याकडे हात जाणं हीच आपली खरी अडचण आहे.

आता चौथा.

सोडे साधारण 50 ग्रॅम, आठवडे बाजारातून आणून बरणीत ठेवलेले. मंद आचेवर कोरडेच दोन-तीन मिनिटं परतले, वास सुटेपर्यंत. मग कोमट पाण्यात वीस मिनिटं. पाणी हलवायचं नाही. रेती खाली बसते. वरचं निवळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलं, दीड वाटी भरलं, तळाचं फेकलं. हेच पाणी भाताला. मीठ? अजिबात नाही.

खोबऱ्याचं पहिलं घट्ट दूध अर्धी वाटी वेगळं काढलं. चोथ्यात पुन्हा कढत पाणी घालून वाटलं, त्याचं पातळ दूध अडीच वाट्या निघालं. दोन वाट्या सुरती कोळम अर्धा तास भिजवून निथळलेला. जाड बुडाच्या पातेल्यात शेंगदाणा तेल, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, चार-पाच मिरे. जमैकाकडे अशा नारळी भातात ऑलस्पाइस नावाचा, मिऱ्यासारखा दिसणारा मसाला घालतात. त्याचा वास मुख्यतः युजेनॉल या सुगंधी द्रव्याचा, आणि तेच लवंगेत भरपूर असतं. तिकडे थाइमचा पालाही पडतो. तो कुठून आणणार म्हणून बसलो होतो, तेव्हा लक्षात आलं की थाइमला ज्या थायमॉलचा वास येतो तेच आपल्या ओव्यात आहे. दोन चिमटी ओवा टाकला. याहून जास्त टाकू नका, नाहीतर पोटदुखीचा काढा होतो. वर दोन आख्ख्या हिरव्या मिरच्या, न चिरता, म्हणजे वास उतरतो पण तिखट आवरतं.

तांदूळ परतून सोड्यांचं पाणी आणि पातळ दूध, दोन्ही कढत करून ओतलं. एक उकळी आली की झाकण आणि अगदी बारीक गॅस. चौदा मिनिटं. मग गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. मी एकदा उघडलं, कबूल करतो.

सोडे भातात नाहीत, हा या वेळचा मोठा बदल. कांदा, लसूण, थोडं आलं तेलात, त्यात सोडे, सुपारीएवढा गूळ, आणि धडगावकडचा आमचूर घरात होता तो पाव चमचा. घट्ट दुधात अर्धा चमचा तांदळाचं पीठ कालवून ते शेवटी घातलं आणि हलवत राहिलो. उकळू दिलं नाही, कडेला बुडबुडे दिसले की उतरवलं. पिठामुळे दूध फाटलं नाही. रस सोड्यांना चिकटून राहिला. खोबऱ्याचा तो जुनाट तेलकट वास थोडा आहेच, तो आमचुराने दबतो, जात नाही.

आणि केळी. कॅरिबियनमध्ये यासोबत तळलेलं प्लँटेन, म्हणजे शिजवून खायचं मोठं केळं, असतं. जळगाव जिल्ह्यात राहून प्लँटेन शोधायचं म्हणजे कमालच, म्हणून ग्रँड नैन ही आपल्याकडची नेहमीचीच केळी, पण अर्धकच्ची: साल हिरवट-पिवळी, दाबल्यावर दबते पण फुटत नाही अशी. बोटभर जाडीचे तिरपे काप थोड्या तेलात, एकदाच उलटून. पूर्ण पिकलेली घेतली तर तव्यावर शिकरण होतं. भातावर सोडे, बाजूला केळी, वर लिंबू.

भात मोकळा झाला, शीत न् शीत वेगळं. तक्रार एकच: सोडे अजून थोडे चिवट. पुढच्या वेळी वीसऐवजी तीस मिनिटं भिजवीन. बुडाला मात्र या वेळी काळं नाही, तांबूस खरवड धरली होती. मायने खीर-बीर काही काढलं नाही, उलथनं मागितलं आणि खरवड स्वतःच्या ताटात ओढून घेतली. मला चाखायला उरली नाही, त्यामुळे तिची चव कशी होती ते या नोंदीत नाही.